ज्यांच्या घरी काही सिद्ध नाही, त्यांचा वाटा

(शास्त्रपाठ : नहेम्या ८:१–१२)



नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय आमच्या मंडळ्यांत वारंवार वाचला जातो; तथापि त्यात वर्णिलेल्या दोन गोष्टी एकाच दिवशी व एकाच लोकसमुदायात घडल्या, इकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. पहिली गोष्ट वाचनाची. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पाणीवेशीसमोरील चौकात पुरुष, स्त्रिया व ज्यांना ऐकून समजण्यासारखे होते ते सर्व एकत्र जमले. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला आणि सकाळपासून दोन प्रहरपर्यंत त्याने नियमशास्त्र वाचले. लेव्यांनी लोकांत फिरून त्याचा अर्थ उलगडून सांगितला. दुसरी गोष्ट वाटणीची. ऐकता ऐकता लोक रडू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, हा रडण्याचा दिवस नव्हे. घरी जा, गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काहीच सिद्ध केलेले नाही, त्यांना त्यांचा वाटा पाठवा. पुस्तक उघडले त्याच दिवशी वाटाही पाठवण्यात आला. देवाने जे एकत्र जोडले ते आम्ही वेगळे करू नये.

हा विषय आज घेण्याचे कारण असे. माजलगाव तालुक्यात व आसपासच्या गावांत शाळांसाठी आणि साक्षरतेच्या वर्गांसाठी दयाळू लोक वेळोवेळी साहित्य पाठवतात. पाट्या येतात, वह्या येतात, चित्रांची गोष्टीची पुस्तके येतात, अक्षरांचे तक्ते व पत्ते येतात. कोठे कोठे संगणकही येतो. याबद्दल आम्ही देवाचे व दात्यांचे आभार मानतो. पण खोकी उतरली, फोटो निघाले, हार घातले गेले, म्हणजे वाटा पोहोचला असे म्हणता येईल काय? २०११ सालच्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सात वर्षे व त्याहून अधिक वयाच्या शंभर माणसांपैकी सुमारे ७७ माणसे साक्षर आढळली. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ६८ होते. म्हणजे दर तीन स्त्रियांपैकी जवळ जवळ एकीला पुस्तक ही बंद पेटी होती. उचलीच्या कागदावर जो अंगठा उमटतो, त्याला त्या कागदावरील आकडा दिसत नाही. मुकादमाने किती लिहिले, किती फिटले, किती राहिले, हे ज्या बाईला वाचता येत नाही, तिच्या घामाचा हिशेब दुसऱ्याच्या हाती असतो. म्हणून अक्षर ही चैनीची वस्तू नव्हे. ती भाकरीची राखण आहे.

या शास्त्रपाठाच्या आधारे दान देणाऱ्यांनी व दान वाटणाऱ्यांनी कोणत्या गोष्टी ध्यानात धराव्या, हे आपण क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट : पुस्तकाबरोबर माणूस पाहिजे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील हबशी खजिनदाराकडे पहा. तो राणीच्या सर्व भांडारावरचा अधिकारी. त्याला रथ होता, आणि त्या काळी फार थोड्यांपाशी असे ते हस्तलिखित पुस्तकही होते. त्याला वाचताही येत होते. तरी अर्थ कळेना. फिलिप्प धावत त्याच्या रथापाशी गेला. पण रस्त्यावर उभा राहून त्याने व्याख्यान दिले नाही. तो रथात चढला व त्याच्या शेजारी बसला. मग पुस्तक उघडले.

आपल्या सिंदफणेवरील धरणाचे उदाहरण घ्या. धरण काठोकाठ भरले, कालव्याला पाणी सुटले, तरी कालव्यापासून शेतापर्यंत चारी खणलेली नसेल तर त्या शेतातील ज्वारी करपून जाते. शेतकऱ्याने धरणाकडे बोट दाखवून समाधान मानावे काय? शाळेच्या कपाटात कुलूपबंद पडलेली पुस्तके ही भरलेल्या धरणासारखी आहेत. कित्येक ठिकाणी ती कपाटात राहतात, कारण मुलांनी फाडली तर नोंदवहीत काय लिहावे, ही शिक्षकाला भीती असते. बंधूंनो, वाचून वाचून फाटलेले पुस्तक ही हानी नव्हे. पान न उलटता वाळवीने खाल्लेले पुस्तक हीच खरी हानी होय. यास्तव जो कोणी पाट्या व पुस्तके देतो, त्याने हेही विचारावे की, यांच्या शेजारी कोण बसणार आहे? आणि आमच्या मंडळीत ज्याला वाचता येते अशा प्रत्येकाने आपणास विचारावे की, मी कोणाच्या रथात चढलो आहे?

दुसरी गोष्ट : दान घेणाऱ्याच्या भाषेत असावे.

लेव्यांनी अर्थ उलगडून सांगितला असे आपण वाचतो. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांच्या कानांवर पुष्कळ वर्षे परकी भाषा पडली होती. त्यांना आपल्या वाडवडिलांचे शास्त्र समजेना म्हणून कोणी त्यांस मूर्ख ठरवले नाही. समजावून देणाऱ्यांची संख्या वाढवली. सातव्या ओवीत अशा तेरा जणांची नावे दिली आहेत. वाचणारा एक आणि समजावणारे अनेक, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या तालुक्यातील एखाद्या शाळेच्या पहिल्या वर्गात बसून पहा. तांड्यावरून आलेले मूल घरी आईला ‘याडी’ म्हणते व भाकरीला ‘बाटी’ म्हणते. मोहल्ल्यातून आलेले मूल ‘अम्मी’ म्हणते. पारध्याच्या घरातून आलेल्या मुलाची बोली तर शिक्षकाच्या कानाला बहुधा सर्वस्वी नवी असते. फळ्यावर मात्र ‘आई’ लिहिलेले असते. ते मूल गप्प राहिले की आपण म्हणतो, यास काही येत नाही. त्यास पुष्कळ येते. फक्त ते त्याला कोणी विचारत नाही.

हे दुःख आमच्या लोकांना अनोळखी नाही. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारी शिक्षणात व कचेरीत उर्दूचा अंमल होता, आणि घरी मराठी बोलणारी आमची वडीलधारी माणसे त्या शाळांत परक्यासारखी बसत. ज्यांच्या आजोबांनी हे सोसले, त्यांनी आज तांड्यावरच्या लेकराला परके वाटू देऊ नये. उर्दू बोलणाऱ्याच्या लेकरालाही तसेच परके वाटू देऊ नये, कारण जुन्या राजवटीचा हिशेब लहान मुलाकडून वसूल करणे हा न्याय नव्हे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे रणजितसिंह डिसले या शिक्षकांच्या शाळेतील पुष्कळ मुलांची घरची भाषा कन्नड होती. त्यांनी ती भाषा शिकून घेतली, धडे मुलांच्या भाषेत आणले, आणि पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापून त्यांतून कविता, गोष्टी व ध्वनी मुलांच्या कानांपर्यंत पोहोचवले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. तेव्हा त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकण्याचे तेथल्या तेथे सांगितले. ज्याने आधी मुलांची भाषा उचलली, त्यालाच वाटा पाठवणेही सुचले, हे ध्यानात घ्या.

त्याचप्रमाणे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे जे काम आरंभले व पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये चालवले, त्याकडे पहा. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग होती. त्यांनी खडे, बिया, शिंपले, पाने व फुले हीच साधने केली. जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती त्यांच्या अंगणात बालवाडी नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मग माजलगावच्या मुलाने चिंचोक्यांनी मोजणी का करू नये? सरकीच्या बियांनी ‘स’ का रेखू नये? दूरच्या दात्याने रंगीत मणी पाठवले तर घ्यावे. पण ते येईपर्यंत वर्ग थांबवू नये. अंगणात पडलेले साहित्य हेही देवाचेच दान आहे.

तिसरी गोष्ट : जो चौकात येऊ शकत नाही त्याला वाटा पाठवावा लागतो.

शास्त्रपाठात ‘पाठवा’ असे सांगितले आहे, ‘येतील त्यांना द्या’ असे नाही. जो येऊ शकत नाही, त्याच्या दारापर्यंत वाटा चालत गेला पाहिजे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि पाडव्याच्या आसपास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पण त्या कोयत्याबरोबर लेकरेही गाडीत बसतात. दहा-बारा वर्षांची मुलगी कोपीपाशी राहून धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, पहाटे भाकरी थापते. वर्गात तिच्या नावाची पाटी असते, ती मात्र फडाच्या बांधावर असते. सरकारने अशा मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे, आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाचीही सोय केली आहे, जेणेकरून जेथे टोळी जाईल तेथील शाळेत मुलाला बसता यावे. या सोयी कागदावरून मुलापर्यंत आणण्यास कोणीतरी पुढे व्हावे लागते. आई-बापांना त्या पत्रकाची माहिती देणे व ते शाळेतून मिळवून त्यांच्या हाती देणे, हे उपदेशकाच्या आवाक्यातील काम आहे.

आणि जी मुले गाडीत बसणारच, त्यांच्याबरोबर एक पिशवी जाऊ द्या. तीत एक पाटी, पेन्सिली, अक्षरांचे पत्ते व चार-पाच गोष्टीची पुस्तके असावी. टोळीतील ज्या मुलाला वा मुलीला वाचता येते तिच्या स्वाधीन ती पिशवी करावी व तिला सांगावे की, संध्याकाळी कोपीपुढे चुलीच्या उजेडात तू वाच आणि बाकीच्यांनी ऐकावे. पाडव्याला पिशवी परत येईल तेव्हा पुस्तके मळलेली असतील. तो मळ आम्हांस प्रिय असो.

वृद्धांची गोष्टही अशीच आहे. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे म्हणून लहानसे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने, आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या पाठीवर दप्तर घेऊन वर्गात येऊ लागल्या. मोतीराम दलाल यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेने त्यांना पाट्या, दप्तरे, फळा आणि गुलाबी लुगडी दिली. लुगडी कशास, असे कोणी विचारील. ज्या बाईने जन्मभर शाळेच्या दाराबाहेर उभे राहून मुलांना आत सोडले, तिला गणवेश मिळाला म्हणजे तिला समजते की आता आपण आत आहोत. पाटीने अक्षर शिकवले; लुगड्याने लाज घालवली. दान देताना घेणाऱ्याच्या मानाचा विचार करावा, हे त्या दात्यांना उमजले. आमच्या मंडळ्यांतही ज्या आज्या गीतांचे पुस्तक उलटे धरून पाठ म्हणतात, त्यांना हसू नका. त्यांच्यासाठी दुपारची एक घटका राखून ठेवा.

तसेच जे डोळ्यांनी पाहू शकत नाहीत, त्यांचा वाटा बोटांवाटे जातो. अ‍ॅना मिलार्डबाईंनी १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या सुमारास, मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. पुढे १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल लिपी ठरली, आणि सहा टिंबांच्या जुळणीत मराठी अक्षरे बसली. गावात एखादे अंध मूल असेल तर ‘त्याला काय कळणार’ असे म्हणून त्याला ओसरीवर बसवून ठेवणे म्हणजे त्याचा वाटा आपणच खाऊन टाकणे होय.

चौथी गोष्ट : जे उरले ते देणे हे दान नव्हे.

दावीद राजाला अरवना यबूशाने खळे, बैल व सरपण फुकट देऊ केले. पण ज्यास आपले काही पडले नाही असे अर्पण देवाला करण्यास तो तयार झाला नाही, आणि त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून दिले. मलाखी संदेष्ट्यानेही लंगडी व रोगी जनावरे वेदीपाशी आणणाऱ्यांना विचारले की, हे तुझ्या सुभेदाराला देऊन पहा, तो प्रसन्न होईल काय? मग अर्धी लिहिलेली वही, जुन्या परीक्षेची मार्गदर्शके, पाने गळालेला शब्दकोश, बंद पडलेला संगणक, हे गाठोडे बांधून खेड्यातील शाळेकडे पाठवणे व त्यास दान म्हणणे, हे कोणत्या शास्त्रात बसते? आपले कपाट रिकामे करणे वेगळे, दुसऱ्याचा हात भरणे वेगळे. जे पुस्तक आपल्या नातवाला द्यावेसे वाटते, तेच कोपीवरच्या लेकराला द्यावे.

थोडे असेल तर थोडे द्या. विधवेच्या दोन टोल्या प्रभूने मोजल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील निरनिराळ्या जातींच्या मुलांना उपाशी राहावे लागू नये म्हणून आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, दिले. सातारा जिल्ह्यातील भिलार गावाने २०१७ सालापासून आपल्या घरांच्या ओसऱ्या व खोल्या पुस्तकांसाठी उघडल्या. पुस्तके शासनाने दिली, जागा व आदरातिथ्य गावकऱ्यांनी दिले. आमच्या मंडळ्यांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य देवासाठी बाजूस काढण्याची रीत आहे. त्याच रीतीने ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने ओसरी द्यावी, दिवा द्यावा, दुपारचा तास द्यावा.

पाचवी गोष्ट : दान हे आमिष नव्हे.

हे आम्ही स्पष्ट सांगतो, कारण याबाबतीत आमच्या लोकांविषयी संशय घेतला जातो, आणि संशयाला जागा देणे हे आमच्या हाती नसावे. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. आभार मानण्यास एकच परत आला. बाकीच्या नऊ जणांचे आरोग्य प्रभूने काढून घेतले नाही. पाटी देताना नाव विचारावे, जात विचारू नये. वही देताना ‘उपासनेला ये’ अशी अट घालू नये.

पूर्वीचा एक दाखला पहा. सिंथिया फॅरारबाई १८२७ साली अमेरिकेतून मुंबईस आल्या व पुढे अहमदनगरास, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात तेथे, मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्यांच्यापाशी सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. सावित्रीबाईंनी आपला मार्ग आपण निवडला. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. म्हणून काय ते शिक्षण वाया गेले? १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा उघडली, आणि ज्या मुलींसाठी कोणीच काही सिद्ध केले नव्हते त्यांना वाटा पोहोचला. पेरणाऱ्याने बी टाकावे; कणीस कोणाच्या खळ्यात पडले याची मोजदाद देवाने करावी.

आता शेवटी, प्रिय उपदेशक बंधूंनो व भगिनींनो, इतकेच करा. आपल्या गावात साहित्य आले असेल तर कपाटाची किल्ली कोणापाशी आहे ते विचारा. आठवड्यातून एक दिवस पुस्तके चटईवर मांडून ठेवा आणि मुलांना हात लावू द्या. कोणते पुस्तक कोणाकडे गेले याची साधी वही ठेवा, कारण पाच हजारांना जेवू घातल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे टोपल्यांत गोळा करवले. जे विपुल आहे तेही सांडू द्यायचे नाही. तांड्यावर, मोहल्ल्यात, पालांवर जाऊन पहा की कोणाच्या घरी काही सिद्ध नाही. आणि दात्यास पत्र लिहाल तेव्हा केवळ आभार लिहू नका. ‘पुढल्या खेपेस उर्दू पुस्तके पाठवा’, ‘मोठ्या टाइपाची पाठवा’, ‘तक्ते पुरे, आता गोष्टी पाठवा’, असे खरे खरे लिहा. जो खरोखर देऊ इच्छितो त्याला खरी गरज कळल्याने आनंदच होतो.

पाणीवेशीसमोर त्या दिवशी लोक मोठ्या आनंदाने घरी परतले, आणि त्या आनंदाचे कारण शास्त्रपाठाच्या शेवटच्या ओवीत दिले आहे : जे सांगितले ते त्यांना समजले होते. समजण्यातला हा आनंद माजलगावच्या फडावरून परतणाऱ्या मुलीलाही मिळावा, ओसरीवर बसलेल्या आजीलाही मिळावा, आणि जिच्या अंगठ्याने आजवर दुसऱ्यांचे आकडे मान्य केले त्या आईला आपल्या नावाची अक्षरे आपल्या हाताने लिहिता यावी, यासाठी आपण प्रार्थना करू व प्रार्थना करून उठल्यावर कपाट उघडू.

आमेन.